क्लोनझिला: नक्कल हुबेहूब, पुढची दुरुस्ती आपल्या हाती

माझ्या संगणकातली ५०० जीबीची हार्ड डिस्क सात वर्षांची झाली होती. तिच्या स्मार्ट अहवालातला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातला, ‘रीअलोकेटेड सेक्टर’चा (खराब झाल्याने बदललेल्या तुकड्यांचा) आकडा एका महिन्यात ८ वरून २४ वर गेला, तेव्हा मी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान चिप-डिस्क, घेतली. ती बसवणं पाच मिनिटांचं काम आहे, एकच स्क्रू असतो. खरा प्रश्न होता आतल्या संसाराचा.

मी भाषांतराचं काम करते. एकाच डिस्कवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन्ही प्रणाली. विंडोजमध्ये भाषांतराचा मुख्य प्रोग्राम, त्याच्या सात वर्षांच्या शब्दसंचिका, मीच बनवलेली कीबोर्डची मांडणी आणि शेकडो फाँट. उबुंटूमध्ये मजकूर साफ करायच्या लहानलहान स्क्रिप्ट. ‘नवी डिस्क घेतलीस ना, मग सगळं नव्याने टाक’ असा सल्ला मला तिघांनी दिला. सल्ला चुकीचा नाही. पण नव्याने टाकल्यावर ते सगळं पुन्हा हाताशी यायला मला दोन आठवडे लागले असते आणि तरीही काहीतरी राहून गेलंच असतं. म्हणून प्रणाली आहे तशी उचलून नव्या डिस्कवर ठेवायची, असं ठरवलं. त्यासाठी वापरलं क्लोनझिला. हे परीक्षण त्याचं आहे, पण निम्म्याहून जास्त मजकूर क्लोनझिलाचं काम संपल्यानंतरचा आहे. मला मदतीची गरज पडली ती तिथेच.

याआधी एकदा मी एक पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर वापरलं होतं, नाव इथे देत नाही. ‘एका क्लिकमध्ये स्थलांतर’ असं त्याचं सांगणं होतं. त्याने चालू विंडोजमधूनच नक्कल केली, शेवटी हिरवी खूण दाखवली आणि लिनक्सचा भाग उचललाच नाही. तो त्याला ओळखू आला नव्हता आणि तसं त्याने कुठे सांगितलंही नाही. तेव्हापासून, नक्कल करणारं साधन काय करणार आणि काय नाही हे आधी सांगतं का, एवढं मी पहिल्यांदा बघते.

क्लोनझिला ते सांगतं. तैवानच्या ‘नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कम्प्युटिंग’ या संस्थेतून आलेलं हे मुक्त आणि फुकट साधन आहे. ते संगणकात टाकायचं नसतं. पेनड्राइव्हवर उतरवायचं आणि संगणक त्याच पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. त्यामुळे नक्कल होत असताना विंडोज आणि उबुंटू दोन्ही झोपलेल्या असतात, कुठलीही फाइल अर्धवट उघडी नसते. पडदा जुन्या पद्धतीचा, निळ्या-करड्या रंगाचा. माउस चालत नाही, बाणाच्या कळा आणि स्पेसबार एवढ्यावरच काम. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे अवघड वाटेल, पण पाटीवर लिहिलेलं शांतपणे वाचलं तर प्रत्येक पायरीला एकच प्रश्न असतो. डिस्कवरून डिस्कवर नक्कल करायची की डिस्कची प्रतिमा एका फाइलमध्ये ठेवायची, नवशिक्यासाठीचा मार्ग हवा की तज्ज्ञाचा, मूळ डिस्क कोणती, लक्ष्य डिस्क कोणती. प्रत्येक डिस्कपुढे आकार आणि मॉडेल लिहिलेलं असतं. मी मुद्दाम दोन्ही डिस्कची मॉडेल आधीच कागदावर उतरवून घेतली होती. मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते आणि तिथून परत फिरता येत नाही. लिहिण्याआधी क्लोनझिला खात्री विचारतं, आणि एकदा नाही, पुन्हा विचारतं. पहिल्या वेळी मी ‘हो’ म्हणून टाकलं. दुसऱ्या वेळी मात्र कागद हातात घेऊन प्रत्येक अक्षर ताडून पाहिलं. त्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी या साधनाला मनापासून मानते.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी केल्याच पाहिजेत. पहिली, विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करणं. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभा डिस्कवर गोठवून ठेवते, आणि अशा अर्धझोपेतल्या एनटीएफएस (विंडोजची फाइलव्यवस्था) विभागाची, म्हणजे पार्टिशनची, नक्कल करणं धोक्याचं. प्रशासकाच्या कमांड खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ला हायबरनेशन बंद करायला सांगितलं की फास्ट स्टार्टअपही जातं. दुसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन. बऱ्याच नव्या संगणकांवर डिस्कचं कुलूपबंदीकरण आपोआप चालू असतं. कुलूप असेल तर क्लोनझिलाला आतली फाइलव्यवस्था दिसत नाही, मग ते रिकाम्या जागेसकट सगळे सेक्टर एकेक करून उचलतं, आणि नंतर सुरू होताना विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती की आधी दुसरीकडे लिहून ठेवा, शक्य असेल तर कुलूपच आधी काढा. माझ्या संगणकावर ते नव्हतं.

नक्कल करायला एक तास दहा मिनिटं लागली. वापरातला भाग सुमारे २८५ जीबी होता. ओळखीच्या फाइलव्यवस्था असल्या की क्लोनझिला फक्त भरलेले ब्लॉक उचलतं. एनटीएफएस, ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, फॅट या सगळ्या त्याला कळतात. वेग सुरुवातीला मिनिटाला ६ जीबीच्या आसपास होता, शेवटाकडे ४ वर आला. हार्ड डिस्क बाहेरच्या कडेला जलद आणि आतल्या बाजूला संथ वाचते, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. मला भीती होती ती खराब सेक्टरची. वाचताना चूक आली की क्लोनझिला थांबतं. तरीही पुढे जायचं असेल तर तज्ज्ञ मार्गात ‘रेस्क्यू’ नावाचा पर्याय आहे. सुदैवाने तो लागला नाही.

एक मर्यादा इथेच सांगते. लक्ष्य डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर फक्त १०० जीबी भरलेलं असलं, तरी ती सरळ ५०० जीबीच्या एसएसडीवर जाणार नाही. आधी विभाग आक्रसून घ्यावे लागतात आणि तज्ज्ञ मार्गातला आकाराची तपासणी टाळणारा पर्याय वापरावा लागतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने तो नाद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता नक्कल झाल्यानंतरचं.

बिऱ्हाड हलवलं की टपालाला नवा पत्ता कळवावा लागतो. प्रणालीचंही तसंच आहे. क्लोनझिला प्रत्येक फाइल जशीच्या तशी नेतं, आणि त्याबरोबर ‘मी अमुक डिस्कवर राहते’ ही प्रणालीची जुनी समजूतही जशीच्या तशी जाते. डिस्कचे आणि विभागांचे ओळखक्रमांकसुद्धा तेच राहतात. एका परीने ही सोय आहे, कारण जुने पत्ते नव्या जागी चालतात. पण दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडलेल्या असल्या तर एकाच नावाची दोन माणसं एका घरात आल्यासारखं होतं.

मी नेमकी तीच चूक केली. नक्कल झाल्यावर संगणक बंद केला आणि जुनी डिस्क न काढताच सुरू केला. ग्रबची, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणारी, यादी आली, उबुंटू निवडलं, सगळं ओळखीचं दिसलं. चार तास काम केलं, एका लांब मजकुराची बावीस पानं तपासून झाली. मनात पाल चुकचुकत होती ती एकाच गोष्टीने: संगणक सुरू व्हायला पूर्वीइतकाच, जवळजवळ पावणेदोन मिनिटं वेळ लागला होता. शेवटी टर्मिनल उघडून डिस्क आणि विभागांची यादी दाखवणारी ‘एलएसबीएलके’ ही कमांड दिली. उबुंटूचा मूळ (रूट) विभाग जोडला गेला होता तो ‘एसडीए५’ वर, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवर. नवी एसएसडी ‘एनव्हीएमई०एन१’ या नावाने तिथेच होती, पण कुणीही तिला हात लावला नव्हता. उबुंटू आपला विभाग यूयूआयडी या लांब ओळखक्रमांकाने शोधतं. तो क्रमांक दोन्हीकडे एकच होता, आणि जुनी डिस्क आधी सापडली. माझी बावीस पानं जुन्या डिस्कवर गेली.

ती परत आणणं कठीण नव्हतं, पण इथेही घाई करू नये. संगणक बंद केला, एसएसडी काढून ठेवली, उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून सुरू केलं आणि जुन्या डिस्कवरची फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली. जुळ्या डिस्क एकत्र जोडून विंडोज सुरू केली असती, तर तिने सहीची (डिस्कच्या ओळखक्रमांकाची) टक्कर झाल्याचं सांगून एक डिस्क ‘ऑफलाइन’ ठेवली असती. ती ‘ऑनलाइन’ करायला जावं तर विंडोज त्या डिस्कचा ओळखक्रमांक बदलून टाकते, आणि मग जुनी डिस्क अडीअडचणीला सुरू करून बघावी म्हटलं तर विंडोज तिच्यावरून उठेलच याची खात्री राहत नाही. लिनक्समध्ये ईएक्सटी४ असेल तर जुळे विभाग निदान जोडता येतात. एक्सएफएस सरळ नकार देतं. बीटीआरएफएसमध्ये मात्र एकाच ओळखक्रमांकाच्या दोन प्रती एकत्र दिसल्या तर माहिती बिघडण्याचाच धोका असतो. तेव्हा नक्कल झाली की पहिल्यांदा जुन्या डिस्कची केबल काढा. या परीक्षणातलं एकच वाक्य कुणी लक्षात ठेवणार असेल, तर ते हे असावं.

जुनी डिस्क काढली आणि पुन्हा सुरू केलं. बायोसच्या यादीतल्या नोंदी क्लोनझिलाने स्वतःच ताज्या केल्या होत्या. बरीच साधनं हे काम आपल्यावर सोडतात, म्हणून मला त्याचं विशेष वाटलं. फक्त विंडोजची नोंद वर आणि उबुंटूची खाली गेली होती. बायोसमध्ये जाऊन क्रम बदलला, ग्रब परत दिसायला लागलं. उबुंटू या वेळी खऱ्या अर्थाने एसएसडीवरून उठलं.

मग विंडोज निवडली आणि निळा पडदा आला: ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

इथे पुष्कळ जण नक्कल बिघडली असं समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. नक्कल ठीक असते. विंडोज सुरू होताना सुरुवातीच्या क्षणी कोणते ड्रायव्हर उचलायचे, हे तिने आधीच्या अनुभवावरून ठरवून ठेवलेलं असतं. इतकी वर्षं ती साटा (हार्ड डिस्कची केबलवाली जोडणी) डिस्कवरून उठत आली, एनव्हीएमईचा ड्रायव्हर तिच्याजवळ असला तरी त्या पहिल्या क्षणी तो हाताशी नसतो. आणि तो ड्रायव्हर ज्या डिस्कवर आहे, ती डिस्कच त्याच्याशिवाय वाचता येत नाही. उपाय सेफ मोड. त्या मार्गाने विंडोज सुरुवातीचे सगळे मूळ ड्रायव्हर उचलून बघते, तिला नवी डिस्क ओळखू येते आणि ती ओळख पुढेही टिकते.

दोन-तीनदा सुरू होणं फसलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग कमांडची खिडकी. तिथे ‘बीसीडीएडिट’ने ‘सेफबूट’चं मूल्य ‘मिनिमल’ केलं आणि पुन्हा सुरू केलं. विंडोज उठली. मोठी अक्षरं, काळी पार्श्वभूमी, चार कोपऱ्यांत ‘सेफ मोड’. माझा जीव भांड्यात पडला. आत जाताना एक गोष्ट आडवी येऊ शकते: सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असं नाही, खात्याचा खरा पासवर्ड आठवत असायला हवा. आत गेल्यावर ‘एमएसकॉन्फिग’मधली सेफ बूटची खूण काढायची, नाहीतर संगणक दर वेळी सेफ मोडमध्येच उठतो. पुढच्या वेळी साध्या मार्गाने विंडोज बावीस सेकंदांत उघडली.

आता मागे वळून बघते तर हे सगळं टाळता आलं असतं. नक्कल करण्याआधीच जुन्या डिस्कवर ‘एमएसकॉन्फिग’मधून सेफ बूटची खूण करून ठेवायची. मग नव्या डिस्कवरचं पहिलंच उठणं सेफ मोडमध्ये होतं आणि निळा पडदा येतच नाही. साटावरून एनव्हीएमईवर जाणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. साटा हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर जाताना सहसा याची गरज पडत नाही.

निळ्या पडद्याऐवजी ‘०एक्ससी००००००ई’सारखा क्रमांक आला तर दुखणं वेगळं असतं. तिथे सुरुवातीच्या नोंदीच चुकीच्या जागेकडे बोट दाखवत असतात, आणि उपाय आहे ‘बीसीडीबूट’. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांडची खिडकी उघडायची, ‘डिस्कपार्ट’ने ईएफआय विभागाला (सुरुवातीच्या नोंदी असतात त्या) एक अक्षर द्यायचं आणि ‘बीसीडीबूट’ला विंडोजचा फोल्डर व ते अक्षर सांगायचं. दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, त्यामुळे विंडोज खरंच ‘सी’वर दिसते आहे का, हे आधी ‘डीआयआर’ने बघून घ्यायचं.

डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत, नवी जीपीटी आणि जुनी एमबीआर. माझी डिस्क जीपीटी पद्धतीची होती. जुनी एमबीआर असेल तर नक्कलही एमबीआरच होते, आणि ती पद्धत ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरू देत नाही. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन विंडोजबरोबरच येतं आणि माहिती न पुसता रूपांतर करतं. पण एक्स्टेंडेड विभाग असेल तर ते तयार होत नाही, आणि माझ्यासारख्या दोन प्रणाली ठेवणाऱ्यांच्या जुन्या डिस्कवर तो हमखास असतो.

दुसऱ्या दिवशी जागेकडे वळले. नक्कल करताना मी ‘मूळ विभागरचना जशीच्या तशी’ हा पर्याय घेतला होता. प्रमाणात वाढवणाराही पर्याय आहे, पण मला लहान विभाग वाढलेले नको होते. त्यामुळे अर्धी एसएसडी शेवटी रिकामी पडून होती. ‘सी’ वाढवावं म्हटलं तर त्याच्या लगेच पुढे विंडोजचा रिकव्हरी विभाग, त्याच्यापुढे उबुंटू, मग स्वॅप (मेमरी अपुरी पडली की उबुंटू वापरतं ती जागा). विंडोजचं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फक्त लगतची रिकामी जागा घेतं, म्हणून ते करडं पडलेलं दिसतं. ते बटण करडं का हे न कळल्यामुळे लोक किती वेळ घालवतात, ते मी पाहिलं आहे.

रिकव्हरी विभाग हलवण्यापूर्वी विंडोजमध्ये ‘रीएजंटसी’ या कमांडने दुरुस्तीची सोय डिसेबल करायची. मग दुरुस्तीची ती प्रतिमा विंडोजच्या फोल्डरात परत येते. त्यानंतर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरच्या जीपार्टेडने विभाग मागून पुढे सरकवले. सगळ्यात आधी शेवटचा, मग त्याच्या अलीकडचा. एनव्हीएमईवर उबुंटूचा २०० जीबीचा विभाग वीसेक मिनिटांत सरकला. सरकवताना यूयूआयडी बदलत नाही, त्यामुळे ग्रबला काहीच कळलं नाही. शेवटी विंडोजमध्ये ‘रीएजंटसी’ एनेबल केलं आणि त्याच्याच ‘इन्फो’ने अवस्था ‘एनेबल्ड’ आहे हे पाहिलं. विभाग न हलवणाऱ्यांनीही नक्कल झाल्यावर ही अवस्था एकदा बघावी. ती बंद असली तरी रोजच्या कामात काहीच जाणवत नाही, आणि ज्या दिवशी दुरुस्तीचा पडदा हवा असतो त्या दिवशी तो येत नाही.

याच फेरीत मी आणखी एक उद्योग केला, आणि त्याने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. स्वॅपचा ४ जीबीचा विभाग पुसून १६ जीबीचा नवा केला. पुढच्या वेळी उबुंटू उठायला दोन मिनिटांच्या वर लागली, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही जास्त. नव्या स्वॅपचा यूयूआयडी नवा, पण ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये जुनाच लिहिलेला. उबुंटू सुरू करणारं सिस्टमडी त्या नसलेल्या विभागाची नव्वद सेकंद वाट बघतं आणि पडद्यावर ‘स्टार्ट जॉब’ चालू असल्याची ओळ सेकंद मोजत राहते. ‘बीएलकेआयडी’ने नवा क्रमांक घेतला आणि एफएसटॅबमध्ये घातला. नव्वद सेकंद गेली, पण सुरुवातीलाच अर्धा मिनिट अजून जात होतं. ते दुसऱ्या जागी दडलेलं होतं: ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’च्या ‘कॉन्फ डॉट डी’ फोल्डरातली ‘रिझ्यूम’ नावाची फाइल. हायबरनेशनमधून उठायचं असेल तर कुठल्या स्वॅपमध्ये बघायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. तिथेही नवा क्रमांक घातला, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवलं, आणि उबुंटू सतरा सेकंदांत उठलं. आता दुसऱ्या कुणाची डिस्क मंद वाटली तर मी आधी ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम’ बघायला सांगते. यात दोष बहुधा डिस्कचा नसतो, प्रणाली कुणा नसलेल्याची वाट बघत बसलेली असते.

एसएसडीची ओळख विंडोजला पटवणं हे काम सोपं निघालं. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’च्या खिडकीत नवी डिस्क अजूनही हार्ड डिस्क म्हणूनच दिसत होती. तसं राहिलं तर विंडोज तिच्यावर डीफ्रॅगमेंटेशन लावते, आणि एसएसडीला त्याचा उपयोग नाही, उलट फुकटचं लिखाण होतं. ‘विनसॅट फॉर्मल’ चालवलं, काही मिनिटं मोजमाप झालं आणि नोंद ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ अशी झाली. ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवणं, चालू आहे का ते ‘एफएसयूटिल’च्या ‘डिसेबल-डिलीट-नोटिफाय’ या मूल्यावरून कळतं. नाव उलटं आहे, तिथे शून्य असेल तर ट्रिम चालू. उबुंटूमध्ये ‘एफएसट्रिम’चा टायमर आठवड्यातून एकदा आपोआप चालतो, तो चालू आहे एवढं पाहिलं. विभागाची सुरुवातही तपासली. ‘एमएसइन्फो३२’ मध्ये १०,४८,५७६ बाइट दिसले, म्हणजे बरोबर १ एमबी. या आकड्याला ४,०९६ ने पूर्ण भाग जायला हवा. फार जुन्या काळी ६३ व्या सेक्टरपासून केलेले विभाग नक्कल होऊन आले तर तिथे एसएसडी विनाकारण मंदावते.

विंडोजचा परवाना जागेवर राहिला. तो मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, नुसती डिस्क बदलल्याने सहसा जात नाही. एका विकतच्या शब्दकोशाने मात्र आपण नव्या संगणकावर आहोत असं समजून पुन्हा नोंदणी मागितली. विभागाचा अनुक्रमांक नक्कल होतो, पण डिस्कच्या अंगावरचा, कारखान्यातून आलेला अनुक्रमांक नक्कल होत नाही, आणि काही प्रोग्राम तोच बघतात. अशा प्रोग्रामची नोंदणी जुन्या डिस्कवर असतानाच सोडून द्यावी. सिस्टम प्रोटेक्शनही (विंडोजला आधीच्या अवस्थेत नेणारी सोय) नव्या ‘सी’वर बंद झालेलं दिसलं, ते चालू केलं.

मला सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट नवव्या दिवशी कळली. रोज रात्री बॅकअप घेणारा माझा प्रोग्राम जुन्या डिस्कच्या त्या कारखान्यातल्या अनुक्रमांकाला बांधलेला होता. ती डिस्क सापडत नाही म्हणून त्याने नऊ रात्री काहीही केलं नाही आणि पडद्यावर एक अक्षरही दाखवलं नाही. फक्त त्याच्या नोंदवहीत एकेक ओळ पडत गेली होती. नवीन डिस्क, नवं काम, आणि मागे एकही प्रत नाही. मी त्याच रात्री बॅकअपचं काम पुसून नव्याने आखलं, एक पूर्ण प्रत घेतली आणि तिच्यातून एक फोल्डर परत काढून उघडून पाहिलं. हे नवव्या नाही, पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

क्लोनझिलाबद्दल माझं मत विचाराल तर पुढच्या वेळीही मी तेच वापरेन. त्याने जे करतो म्हणून सांगितलं तेवढं चोख केलं, काही लपवलं नाही, दोन्ही प्रणाली उचलल्या आणि माझ्या एकाही फाइलला धक्का लावला नाही. ज्यांना कमांडची खिडकी उघडायची धास्ती वाटते, त्यांनी ते एकट्याने करू नये, शेजारी जाणतं माणूस बसवावं. ज्यांना मोठ्या डिस्कवरून लहानावर जायचंय, त्यांनी दुसरं साधन बघावं. एसएसडी बनवणाऱ्या काही कंपन्या आपापल्या डिस्कसाठी नक्कल करायचं सॉफ्टवेअर फुकट देतात. फक्त विंडोज हलवायची असेल तर ते सोपं पडेल.

जुनी डिस्क मी पुसलेली नाही. पाकिटात घालून वर तारीख आणि ‘जोडू नये, जुळी आहे’ असं लिहून ठेवलंय. नव्या बॅकअपच्या तीन महिन्यांच्या प्रती नीट उघडल्या की मग ती पुसेन.